धाकट्या जावेचं ऑपरेशन

माही धाकटी जाऊ ऑपरेशन करून घरी आली, तेव्हा मी तलावाच्या पाळीवर झिंगे निवडत बसली होती. तिचा नवरा, म्हणजे माहा देर, तिले मोटरसायकलवर घेऊन आला. एकेक खड्डा वाचवत, नवी नवरी आणल्यावानी हळूहळू. अन् तिच्या बुडाखाली उशी! मोटरसायकलवर उशी ठेवलेली मी जिंदगीत पाह्यली नव्हती. गाडी माह्याजवळ थांबली. जाऊ हासली अन् म्हणाली, "बाई, आली मी."

"आली तं आली. बरं झालं," मी म्हटलं अन् मान खाली घालून झिंगे निवडू लागली. सडके झिंगे टोपलीत पडत होते अन् चांगले मी फेकून देत होती. खोटं काऊन लिवू, मी जळून राह्यली होती.

आता कोणी म्हणन, बिमार बाईचा कोणी हेवा करते का? करते बाप्पा. तिले जे होतं तेच मले होतं. तिचं बरं झालं, माहं नाई.

बाया त्याले 'अंग बाहेर येते' म्हणतात, तेही एकमेकींच्या कानात. पिशवी जागची सुटते अन् खाली उतरते. बाळंतपणानंतर अंगात ताकद यायच्या आधीच धान रोवण्याच्या चिखलात उतरलं, कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढलं, डोक्यावर ओल्या मच्छीची टोपली घेऊन बाजारले चाललं, का हे होते. खोकललं का उतरते, वजन उचललं का उतरते. लघवीले आग होते. हातानं आत सारायचं, लुगडं कसून बांधायचं अन् कामाले लागायचं. आमच्या गावात अशा किती बाया आहेत हे माणसाईले ठाऊक नाई. बाया मात्र एकमेकींच्या चालीवरून वळखतात. मी जावेले वळखलं, जावेनं मले वळखलं. त्या एका गोष्टीत आम्ही जावा-जावा बरोबरीच्या होतो. अन् मंग ती एकटीच बरी होऊन आली, उशीवर बसून.

आमचं अंगण एक. इकडल्या अंगाले आमचं घर, तिकडल्या अंगाले त्याईचं, मधात बकरी बांधाचा खुटा. सासू-सासरे गेले. जाळं एक, डोंगा एक, मच्छीमार सोसायटीतला हिस्सा दोघा भावाईचा मिळून. पन पक्ष दोन. देर पह्यले घुग्घुसले कोळशाच्या ट्रकवर होता, तिथी त्याले एका पक्षाची हवा लागली. गावात परत आला तं गळ्यात दुपट्टा अन् मोबाइलमधी पुढाऱ्याचा नंबर. माहा नवरा तं लगनाच्या आधीपासून दुसऱ्या पक्षाचा. चिमूरले सभा असो का मोर्चा, हा घरचं काम टाकून पुढं. मी अहेरीकडून लगन होऊन आली, तं अंगाची हळद उतरायच्या आधी त्याचं भाषण ऐकलं. भाषण चांगलंच करते, त्यात वाद नाई.

जवापासून ते सरकारी आरोग्य कार्ड निघालं, मोठ्या खाजगी दवाखान्यात फुकट ऑपरेशन करून देणारं, तवापासून या दोघाईले भांडाले दुसरा विषयच लागला नाई. सांजच्याले अंगणात एकच जाळं पसरायचे. एक या टोकाले बसे, दुसरा त्या टोकाले. फाटलेलं विणता विणता दोघं मिळून साऱ्या देशाचा दवाखाना चालवायचे.

"कार्ड म्हणजे खाजगीवाल्याईचं पोट भराचा धंदा आहे," माहा नवरा म्हणे. "सरकारी पैसा सारा नागपूरच्या मोठमोठ्या डॉक्टराईच्या घरात जाऊन राह्यला. अन् आपल्या इथी? इमारत चकाचक, अन् डॉक्टरच्या खुर्चीवर मांजर झोपते. मले कार्ड नको. मले डॉक्टर द्या, नर्स द्या, मशीन द्या."

"तुमचा डॉक्टर येवस्तोर माणूस मसनात जाते, दादा," देर म्हणे. "इतके वर्स तुमचेच लोक होते ना खुर्चीवर? काऊन नाई आणला? आमच्या सरकारनं गरिबाच्या हातात कार्ड देल्लं. ज्या दवाखान्याच्या पायरीवर वॉचमन उभा राहू देत नव्हता, तिथी गरीब आता पलंगावर झोपते."

"अन् साप चावला तं? साप काय नागपूरले नेऊन चावते?"

"अन् हार्टचं ऑपरेशन काय तुमच्या मांजराच्या खुर्चीवर करता?"

मी भाकरी थापता थापता ऐकत राहो. दोघंही खरंच बोलत होते. दवाखान्यात डॉक्टर पायजे हेही खरं, अन् डॉक्टर नसन तं आजच्या आज कुठी जायचं हेही खरं. पन आमच्या गावात खरं काय ते पक्ष पाहून ठरते. दुसऱ्या पक्षवाल्याच्या घरचं लगन असलं तं आमच्या पक्षाचे लोक पंगतीले उशिरा जात. एखाद्या म्हाताऱ्याले दम लागला तं लोक आधी हे पाहत का कोणाच्या गाडीत बसवून नेला.

अन् माह्या नवऱ्यानं तं कमालच केली. भर चौकात, पानठेल्यासमोर, चार लोकाईत सांगून मोकळा झाला का "ते कार्ड माह्या घराचा उंबरठा चढणार नाई!" टाळ्या पडल्या. मंग ग्रामपंचायतीत कार्ड काढाचं शिबिर लागलं तं सारा गाव अंगठे द्यायले गेला. आम्ही घरी. मी दारात उभी राहून बायाईची रांग पाहत होती. मांगून हा म्हणते, "पाय, कशी मेंढरं चालली!" मी म्हटलं, "हाव, पाहून राह्यली." अन् खालतून अंग उतरून राह्यलं होतं, ते मी दाराच्या चौकटीले टेकून सावरलं.

त्याले सांगाव का नाई? सांगतलं असतं. किती डाव तोंडाशी आलं. पन तो घरी असला का मोबाइलवर, मोबाइलवर नसला का भाषणात. अन् अशी गोष्ट सांगाले माणसाचं तोंड आपल्याकडं पायजे. त्याचं तोंड सदा चौकाकडं.

जावेनं मात्र सांगतलं. तेच तं मले खुपलं. ऑपरेशन खुपलं, उशी खुपली, पन सगळ्यात जास्ती हे खुपलं. ती घरी आल्यावर काही दिवसानं दोघी तलावावर धुणं धूत होतो. मी धुणं, ती नुसती बसून. डॉक्टरनं वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं. मी लुगडं आपटता आपटता इचारलं, "अवं, तू त्याले सांगतलं कसं?"

"जेवता जेवता सांगतलं," ती म्हणाली. "म्हटलं, माहं असं असं होते. त्याईचा घास हातातच राह्यला."

बस. एवढंच बोलली. पन ते ऐकून मी लुगड्याले असं आपटलं का काठ उसवला. घास हातात राह्यला! माह्या नवऱ्याचा घास माह्यासाठी कधी हातात राह्यला? मीठ कमी पडलं तरी तो घास गिळून बोलते. मी तिच्या नवऱ्याचा तो थांबलेला घास मनात घेऊन फिरू लागली. भाकरी करताना तेच, बाजारात मच्छी तोलताना तेच. गिऱ्हाईक म्हणे, बाई, काटा तं सोडा!

वरून तिचा सत्कार. देराच्या पक्षानं चौकात मंडप टाकला अन् कार्डावर बरे झालेल्या लोकाईले शाल-नारळ देल्लं. माही जाऊ हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर, स्टेजवर! माईकवर सांगतलं, 'यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन मोफत झालं.' पोटाचं म्हणे. मंग तिचा फोटो फ्लेक्सवर छापला अन् चौकात लावला. मी मच्छीची टोपली डोक्यावर घेऊन त्याच्याखालून जायची. नवरा म्हणे, "बाईचा फोटो चौकात लावते, लाज नाई." मी म्हटलं, "नाई तं काय!" अन् मनात म्हटलं, माहा फोटो त्याच्याहून चांगला आला असता, माहं नाक तरी सरळ आहे.

बाजारले जाताना देर तिची टोपली मोटरसायकलवर बांधून न्यायचा. मी पायी. पोचली का ती माह्यासाठी जागा धरून बसलेली असे. "बाई, या, पाणी घ्या," म्हणे. मी पाणी पीत नव्हती. तिच्या हातचं पाणी पेली असती तं माहा सारा राग धुऊन गेला असता, अन् मले तो पायजे होता.

आता आमच्याकडली एक रीत सांगतली पायजे, नाईतं पुढचं समजणार नाई. धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलत नाई. समोर येत नाई, त्याच्या सावलीवर पाय देत नाई. पदर नाकापर्यंत. आजकाल शहरात हे राह्यलं नाई, पन आमच्या अंगणात होतं. काई सांगायचंच असलं तं ती बकरीले सांगे. खरंच! खुट्याले बांधलेल्या बकरीकडं तोंड करून म्हणे, "सांग वं, जेवाले वाढलं म्हणा." अन् माहा नवराही बकरीलेच उत्तर दे, "येतो म्हणा." बकरी बिचारी पाला चघळत दोघाईकडं पाहत राहे. इतके वर्स दोघाईत एक शब्द सरळ झाला नव्हता.

त्या दिवशी बाजारात मरळ मच्छी चांगली आली होती, टोपली भरून. सगळी नाई खपली. देराची गाडी पक्षाच्या कामाले गेली होती, म्हणून आम्ही दोघी पायी निघालो. तिची टोपली रिकामी, माही अर्धी भरलेली. गावाच्या अलीकडं चढ आहे. त्या चढावर माहं अंग असं उतरलं का पुढं पायच टाकता येईना. मी टोपली खाली ठेवली अन् रस्त्याच्या कडेले बसली. घाम फुटला. लुगड्याले रक्त लागलं होतं.

जावेनं पाह्यलं. मले हात देऊन उठवलं, माही टोपली तिनं आपल्या डोक्यावर घेतली, तिच्यावर आपली रिकामी.

"ठेव खाली! तुले वजन उचलाले मनाई आहे," मी म्हटलं.

"चाला तुम्ही," ती म्हणाली.

"मले तुही मेहेरबानी नाई पायजे."

"नका घेऊ. पन चाला."

अंगणात पोचलो तं दोघं भाऊ जाळं पसरून बसलेले. दुसऱ्या दिवशी माह्या नवऱ्याची सभा होती, दवाखान्यात बायाईची डॉक्टर पायजे म्हणून. तो विणता विणता भाषणाची तयारी करत होता. हातात सुई, आवाज चढलेला, "आमच्या आया-बहिणी दुखणं अंगावर काढतात! त्याईनं आपलं दुखणं सांगाव कोणाले? आहे का ऐकाले कोणी?" देर हासत होता, "वा दादा, वा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी दारातच भिंतीले धरून उभी राह्यली. जावेनं टोपल्या खाली ठेवल्या. मले वाटलं, आता ती पदर ओढून आपल्या घरात जाईन. नाई गेली. बकरीकडंही नाई पाह्यलं. सरळ माह्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राह्यली. तिची सावली जाळ्यावर पडली.

"भाऊ," ती म्हणाली.

माह्या नवऱ्याची सुई थांबली. देराचं हासणं थांबलं.

"भाऊ, बाईचं अंग बाहेर येते. कवाचं येऊन राह्यलं. आज रक्त गेलं. त्या रस्त्यात बसल्या होत्या. तुम्ही सभा नंतर घ्या, आधी त्याईले दवाखान्यात न्या."

एवढं बोलून ती वळली अन् आपल्या घरात गेली. देर खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडू लागला, जी सोडाची नव्हती.

आता मी काय केलं असन? पाया पडली? रडली? नाई. मी तिच्या दारात गेली अन् वरडली, "माह्या नवऱ्याले सांगणारी तू कोण वं? माहं दुखणं, माहा नवरा, अन् बोलणारी तू? शाल भेटली, फोटो भेटला, आता हेही तुलेच पायजे?"

ती चुलीसमोर बसली होती. म्हणाली, "मंग तुम्हीच सांगाचं होतं ना, बाई."

ज्याचं जळते त्यालेच कळते. तिच्यावर जितका राग आला, तितका जिंदगीत कोणावर आला नाई. कारण तिनं रीत मोडली अन् तिचं काईच वाकडं झालं नाई. मले तं कोणती रीतही मोडाची नव्हती, माह्या नवऱ्याशी बोलाले मले कोणाची मनाई नव्हती, अन् तरी ते माह्या तोंडून निघालं नव्हतं. ती गोष्ट माही होती. मी इतके वर्स अंगावर वागवली, अन् बोलून ती गेली.

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशीची सभा सोडली. ही लहान गोष्ट नाई, सांगून ठेवते. त्यानं आपल्या पोराच्या बारशाले सभा सोडली नव्हती. पन माह्याशी बोलला नाई. सकाळी नुसतं म्हणाला, "चाल." अन् कुठी नेलं? सरकारी दवाखान्यात. मोठ्या गावच्या. देर म्हणत होता, "दादा, कार्ड काढा, नागपूरले न्या." हा म्हणे, "सरकारी दवाखाना आपला आहे. तिथीच होईन." बायको रक्तानं भिजली तरी पक्ष सुटत नाई, असा तो. जाऊ संग आली. मी नको म्हटलं, ती तरी आली.

तिथी लाईन. लाईनीत बायाईच्या घामाचा अन् फरशीच्या फिनेलचा वास. डॉक्टरीण बाई चांगली होती, तरणी. तिनं तपासलं, बाहेर येऊन माह्या नवऱ्याले म्हणाली, "एवढं वाढेपर्यंत काय करत होता तुम्ही?" जो माणूस भर सभेत कलेक्टरले प्रश्न इचारते, तो चपलीकडं पाहत उभा. मले तेव्हा गंमतही वाटली अन् वाईटही वाटलं. ऑपरेशन इथंच होईन म्हणाली, पन भूल देणारे डॉक्टर येतील तशी तारीख भेटन. तारीख भेटली, गेलो, पुढची तारीख भेटली. देर म्हणे, "पाह्यलं? म्हणून म्हणतो कार्ड." नवरा म्हणे, "पाह्यलं? म्हणून म्हणतो डॉक्टर द्या." माह्या तारखाईवरही याईचं भांडण चालू!

मंग एकदाची भरती झाली. तं खिडकीवरचा माणूस म्हणते, "कार्ड आहे का?"

"हा सरकारी दवाखाना आहे ना? इथी कार्ड कायले?" नवरा म्हणाला.

"फुकट तसंही होईन, पन कार्ड असलं तं दवाखान्याले त्याचा पैसा भेटते. त्यातून सामान येते, औषध येते. काढून घ्या, इथंच निघते."

मले वाटलं, हा आता भाषण देते. नाई देल्लं. त्यानं ऐकलं, पुन्हा एकदा इचारलं, "दवाखान्याले भेटते?" माणूस म्हणे हाव. ज्या कार्डासाठी दोघं भाऊ अंगण डोक्यावर घेऊन बसले होते, ते कार्ड अन् तो दवाखाना एकाच खिडकीत बसून चहा पीत होते, अन् दोघाईतल्या एकालेही माहीत नव्हतं. माहा अंगठा घेतला, कार्ड निघालं. पन उंबरठ्याची शपथ होती ना! मंग माह्या नवऱ्यानं ते कार्ड माह्या हातात नाई देल्लं. जावेसमोर धरलं अन् म्हणाला, "हे तुमच्या घरी ठेवा." तिनं आपल्या बटव्यात टाकलं. माहं कार्डही तिच्याच बटव्यात! मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या दात खाल्ले.

ऑपरेशन झालं. गावात बातमी गेली तं एका पक्षानं सांगतलं, सरकारी दवाखान्यात झालं, आमचंच म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्यानं सांगतलं, कार्डावर झालं, आमचंच म्हणणं खरं ठरलं. देरानं हे फोनवर सांगतलं तवा जाऊ हासली. मलेही हासू आलं, पन टाके असे ताणले का आई आठवली.

दुपारचा वेळ होता. वॉर्डात पंखा फिरत होता. नवरा औषध आणाले खाली गेला होता. जाऊ माह्या पायाशी बसून मोसंबी सोलत होती. आता त्या दोघाईचं बोलणं मोकळं झालं होतं. गोळी कवा देल्ली, ताप आहे का, लघवी झाली का, सारं तो तिले इचारे अन् ती सांगे. एकदा धरण फुटलं ते फुटलं. मी मधात पडलेली, माह्यावरून बोलणं चाललेलं. मले राहवलं नाई. म्हटलं, "तुहं बरं आहे, वं. तुह्या नवऱ्याचा घास तरी हातात राह्यला. माह्यावाल्यानं मले अजून एक शब्द इचारला नाई."

तिचा हात थांबला. मंग पुन्हा सोलू लागली.

"घास राह्यला, बाई," ती म्हणाली. "मंग तो घास त्याईनं खाली ठेवला, अन् पक्षाच्या साहेबाले फोन लावला. म्हणे, साहेब, घरचीच केस भेटली, कार्डावर करू, कार्यक्रम घेऊ. मी समोरच बसली होती. फोन झाला, जेवण झालं, झोपले. कुठी दुखते, कवापासून दुखते, काईच इचारलं नाई. आजवर नाई."

त्या एका घासावर मी किती जळली होती! वाईट वाटाले पायजे होतं, वाटलंही. पन त्याच्याआधी रागच आला. माणूस हेवा करते तं निदान ज्याचा करते ते खरं तं असाव! मी तिच्या हातची मोसंबीची फोड घेतली अन् खाल्ली. ती म्हणाली, "आंबट आहे ना?" मी म्हटलं, "हाव."

तेवढ्यात नवरा औषधाची पिशवी घेऊन आला. पलंगाच्या कठड्याजवळ उभा राह्यला. माह्याकडं पाह्यलं, मंग नजर काढून तिच्याकडं वळवली अन् तिलेच इचारलं, "तिले दुखते का?"

जावेनं तोंड उघडलं.

"तू चूप राह्य," मी तिले म्हटलं. एवढ्या जोरात का बाजूच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. "एक शब्द बोलशील तं पाय. अन् तुम्ही. इकडं पाहा. तिच्याकडं काय पाहता? मी मेली नाई. मले इचारा."

तो गडबडला. इतक्या सभा घेतलेला माणूस! त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. स्टुल ओढलं. बसला. त्याचं तोंड माह्या तोंडाच्या बरोबरीले आलं. लगनानंतर इतक्या जवळून, उजेडात, त्यानं मले कधी पाह्यलं असन मले आठवत नाई.

"दुखते का वं?" तो म्हणाला.

"दुखते," मी म्हटलं. "बम दुखते."

"कवापासून?"

अन् मी सांगाले लागली. पह्यल्या बाळंतपणापासून. रोवण्याच्या चिखलापासून. शिबिराच्या दिवशी दाराच्या चौकटीले कशी टेकली होती तेही सांगतलं, हा मांगून मेंढरं म्हणत होता तेव्हा. त्यानं मान खाली घातली नाई. मधात बोलला नाई. खिशात मोबाइल वाजला, तो वाजत राह्यला. त्याचे डोळे भरले, अन् त्यानं ते पुसले नाई.

जाऊ उठली होती. मोसंबीची सालं पदरात घेऊन ती वॉर्डाच्या दारापर्यंत गेली अन् तिथंच थांबली. वळून पाहत होती. तो मले इचारून राह्यला अन् मी सांगून राह्यली, ते पाहत होती. तिची ती नजर मी वळखली. तशी नजर आरशात मले रोज भेटली होती.

मले तिची दया आली असं लिवलं तं वाचणाऱ्याईले बरं वाटन. पन तसं झालं नाई. मी उशीवर मान नीट टेकवली अन् नवऱ्याले म्हटलं, "आणखी इचारा."